बेसमधली घूं परत परत का येते?

दुपारी चारला साउंड चेक होतो तेव्हा माझा बेस, म्हणजे बेस गिटार, स्वच्छ वाजत असतो. संध्याकाळी लाइट लागतात, एलईडीची भिंत उजळते, निवेदक माईक हातात घेतो आणि त्याच्या शांत वाक्यांच्या मागे माझ्या ॲम्पमधून (ॲम्प्लिफायरमधून) घूं सुरू होते. साउंडवाला माझ्याकडे बघतो, मी केबलकडे बघतो. केबल हलवली की घूं कधी जाते, कधी वाढते. कार्यक्रम कसाबसा निघतो. पुढच्या गावात पुन्हा तेच.

कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात ऑर्केस्ट्रात बेस वाजवून मला चौदा वर्षं झाली. यात्रा, गणपती, नवरात्र, कधी हॉल, बहुतेक वेळा मोकळं मैदान. पहिली काही वर्षं मी या घूंला एकच दुखणं समजत होतो आणि मागच्या वेळी ज्याने गुण आला तेच औषध पुन्हा देत होतो. एकदा केबल बदलून गेली, म्हणून पुढे दर वेळी केबल बदलायची. तीन नव्या केबली घेऊन झाल्यावर लक्षात आलं की घूं वेगवेगळ्या पाच-सहा कारणांनी येते आणि कानाला ती सगळी जवळजवळ सारखीच लागतात. म्हणून ती ‘परत आली’ असं वाटतं. कारण ओळखलं तर उपाय बहुतेक वेळा दहा मिनिटांचा असतो. ते कसं ओळखायचं ते सविस्तर लिहितो.

कानाने सुरुवात

बेसवाल्याला निदानासाठी एक सोय आहे जी इतर कुणाला इतकी सहज मिळत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सर्वांत जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या तिसऱ्या पट्टीचा) जी हा स्वर ४९ हर्ट्झचा, आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झची. म्हणजे विजेची घूं आपल्या जी स्वराला अगदी खेटून, किंचित चढी बसते. बेस नीट सुरात लावा, घूं चालू असताना तिसऱ्या फ्रेटचा जी हळू वाजवून धरून ठेवा. आवाज सेकंदाला साधारण एकदा फुगतो आणि बसतो असं जाणवलं तर ती विजेचीच घूं. मोकळ्या जी तारेशी हीच लाट सेकंदाला दोनदा येते. पेडल ट्यूनर असेल तर तार दाबून धरली तरी तो कधीकधी जी दाखवतो आणि काटा उजवीकडे पस्तीस सेंटच्या (लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर सेंट) आसपास लटकतो. अशा वेळी ट्यूनर बिघडलेला नसतो, तो घूं मोजत असतो.

त्यातही दोन जाती आहेत. एक गोल, जाड, दूरच्या डीपीपाशी उभं राहिल्यासारखी. दुसरी करवतीसारखी, झर्र करणारी, वरच्या स्वरांनी भरलेली. गोल घूं बहुधा पिकअपमध्ये (तारांखालच्या, त्यांची हालचाल टिपणाऱ्या चुंबकी कॉइलमध्ये) शिरलेल्या चुंबकीय क्षेत्राची असते. झर्र म्हटलं की डिमर (लाइट मंद करणारं यंत्र), चार्जर, केबलमधलं तुटलेलं शील्ड (आतल्या वायरीभोवतीचं धातूचं वेष्टन) किंवा अर्थचा फेरा (दोन ठिकाणच्या अर्थमधून केबलवाटे फिरणारा करंट) यांच्याकडे बघायचं. ही विभागणी शंभर टक्के नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते ती सांगते.

काहीही हलवण्याआधी अर्थिंग

पाच वर्षांपूर्वीची एक यात्रा. उन्हाळा, रात्रीचे साडेदहा, स्टेजवर पाणी मारून धूळ बसवलेली. माझ्या ॲम्पमधून झर्र येत होती. मदतीला आलेल्या एका पोराने ॲम्पचा तीन पिनांचा प्लग काढला, टू-पिनचा अडॅप्टर लावला आणि परत बोर्डात घातला. आवाज एकदम बंद. सगळे खूश, मीही खूश. दुसऱ्या भागात कोरसला म्हणून मी शेजारच्या माईककडे वाकलो आणि ओठ जाळीला लागला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. डावा हात नेकवर असा आवळला गेला की सोडवता येईना. तोल जाऊन मागे पडलो म्हणून माईक सुटला. ओठावर आठवडाभर फोड होता, आणि हाताची थरथर थांबायला त्याहून जास्त दिवस गेले.

त्या रात्री नेमकं काय झालं ते प्रत्येक बेसवाल्याला माहीत हवं, म्हणून थोडं थांबून सांगतो. आपल्या तारा खालच्या टोकाला ब्रिज या धातूच्या भागाला टेकलेल्या असतात. ब्रिजखालून एक वायर आत जाते आणि जॅकच्या (केबल घालायच्या जागेच्या) बाहेरच्या कड्याला जोडलेली असते. तिथून केबलचं शील्ड, तिथून ॲम्पचं लोखंडी अंग. म्हणजे हातातली तार ही विजेच्या हिशेबाने ॲम्पची बॉडीच. ॲम्पची बॉडी अर्थच्या पिनेने जमिनीला जोडलेली असते. आत फेजची वायर सैल होऊन बॉडीला लागली तर करंट त्या वाटेने जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि आपण वाचतो. ती पिन काढली की बॉडी जिवंत राहते आणि जमिनीत जायला वाट शोधत बसते. माईकची जाळी मिक्सरच्या अर्थला जोडलेली असते. बोटं तारेवर, ओठ जाळीवर, मधे आपली छाती. वाट पूर्ण.

ब्रिटनमधल्या स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी १९७२ साली स्वानसी इथे स्टेजवरच असा गेला. हातात गिटार होती आणि अर्थ नसलेल्या माईकला स्पर्श झाला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते, ती याचसाठी. प्लग घालताना ती आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते, म्हणजे फेज जोडलेली असताना अर्थ नाही असा एक क्षणही जात नाही. ती कापणं, तिला टेप गुंडाळणं, टू-पिन लावणं हा घूंवरचा उपाय मुळीच नाही. घूं गेली तर ती अर्थचा फेरा तुटल्याने गेली, आणि तो फेरा तोडायची सुरक्षित जागा वेगळी आहे. ती पुढे सांगतो.

आता मी स्टेजवर पोचलो की बेस पेटीतून काढण्याआधी मल्टिमीटर काढतो. हजारभर रुपयांचा साधा, पण तारांचं इन्सुलेशन धड असलेला. स्टेजच्या बोर्डावर तीन मापं घ्यायची. फेज ते न्यूट्रल सुमारे २३०. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट, फार तर पाच. फेज ते अर्थ ८०, ११० असा काहीतरी अधांतरी आकडा आला तर अर्थची वायर कुठेही जोडलेली नाही, नुसती लटकते आहे. लोड चालू असताना न्यूट्रल ते अर्थ अगदी नेमका शून्य आला तर दुसरी शंका घ्यायची: बोर्डाच्या आत कुणीतरी न्यूट्रलवरूनच एक तुकडा अर्थला मारून ठेवला आहे. त्याने टेस्टर फसतो, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टरही फसतो. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर स्टेजवरची प्रत्येक बॉडी फेजवर येते. ज्यांना बोर्डात प्रोब घालायची सवय नाही त्यांनी हे स्वतः करू नये. मंडपाच्या वायरमनला समोर उभं करून करून घ्यावं.

वायरमनशी बोलणं ही एक कला आहे. ‘मामा, अर्थिंग कुठं दिलंय?’ असं विचारलं की ‘गाणं तर वाजतंय की’ असं उत्तर मिळतं. मी आता ‘गायिकेच्या ओठाला करंट लागला तर नाव तुमचं येईल’ असं म्हणत नाही, त्याने माणूस चिडतो. मी म्हणतो, ‘मामा, एक सळई ठोकून द्या, मी पाण्याची बादली आणतो.’ बादली घेऊन गेलो की काम होतं. कायमच्या अर्थिंगला खड्ड्यात कोळसा-मीठ घालतात. एका रात्रीसाठी ओलसर जमिनीत खोल ठोकलेली सळई आणि तिला घट्ट आवळलेली वायर, एवढं तरी हवंच.

जनरेटरवर गोष्ट आणखी नाजूक होते. लहान जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा जमिनीला जोडलेलाच नसतो. टेस्टर दोन्ही छिद्रांत मंद पेटतो आणि मापं कशाचाच मेळ लागू देत नाहीत. न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड जनरेटरपाशी करायचा असतो, आणि तो जनरेटरवाल्यानेच. आपण फक्त झाला आहे का ते विचारायचं. तो जोड नसेल तर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबीसुद्धा (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवी तशी उडत नाही. नेहमीच्या लाइनवर मात्र ती आरसीसीबी फार मोलाची, माणसातून करंट जायला लागला की ती क्षणात तोडते. मी माझ्या एक्स्टेंशन बोर्डातच बसवून घेतली आहे.

सगळं जोडून झालं की शेवटचं माप: मीटर एसीवर, एक प्रोब माईकच्या जाळीला, दुसरा बेसच्या ब्रिजला. व्होल्टाच्या आत-बाहेर असेल तर ठीक. दहा-वीसच्या वर काहीही दिसलं तर वाजवायचं नाही, कारण सापडेपर्यंत. तारेला बोट लागल्यावर मुंग्या आल्या तरी तोच नियम. ‘थोडाच करंट मारतो’ हे वाक्य आमच्या क्षेत्रात फार सहज बोललं जातं, ते मला अजून खटकतं.

आता घूं कुठे आहे ते बघू

बेसचा व्हॉल्यूम शून्य करा. घूं गेली तर ती बेसच्या आतून किंवा पिकअपमधून येत होती. राहिली तर केबल किंवा पुढचं काही. एक अपवाद लक्षात ठेवा: जाझ बेस या दोन पिकअपच्या मॉडेलच्या पद्धतीत दोन व्हॉल्यूम असे जोडलेले असतात की एक बंद केला तरी दुसरा पिकअप वाजावा. त्यामुळे दोन्ही शून्यावर असूनही थोडी कुरकुर राहू शकते. तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.

पुढची पायरी केबलची. बेसमधून केबल काढली की उघडं टोक मोठ्याने ओरडतंच, ते नैसर्गिक आहे. त्या टोकाचा पुढचा बिंदू आणि मागचं कडं यांच्यावर एक रुपयाचं नाणं टेकवा. शांत झालं तर केबल आणि ॲम्प चांगले, दोष बेसमध्ये. शांत झालं नाही तर ॲम्पच्या टोकाची केबलही काढा. रिकामा ॲम्प शांत, तर केबल फेका. फेकाच, गुंडाळून पेटीत परत ठेवलेली खराब केबल सहा महिन्यांनी आपल्याच हाताला लागते. आणि स्पीकरची केबल बेसला लावलेली नाही ना ते बघा. दिसायला सारखी असते, पण तिला शील्ड नसतं, नुसत्या दोन वायरी. गडबडीत हे मी स्वतः दोनदा केलेलं आहे.

रिकामा ॲम्पही घूं करत असेल तर त्याच्या मागून मिक्सरकडे जाणारी लाइन काढून बघा. गेली, तर अर्थचा फेरा. नाही गेली, तर ॲम्पच्या आत पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी, तो दुरुस्तीलाच जाईल. बंद केल्यावरही त्यात व्होल्टेज साठलेलं असतं, तेव्हा घरी उघडू नका.

तारेला हात लावल्यावर काय होतं?

ही चाचणी सगळ्यांना माहीत आहे, निष्कर्ष मात्र बहुतेक जण उलटा काढतात. तारांना हात लावला की झर्र कमी होते, म्हणून ‘बेसचं अर्थिंग बिघडलंय’ असं म्हणतात. खरं तर ते बेसचं अर्थिंग चांगलं असल्याचं लक्षण. आपलं शरीर आजूबाजूच्या वायरिंगचा विद्युत आवाज गोळा करतं आणि पिकअपजवळ आणून ठेवतं. तारेला स्पर्श झाला की तो आवाज ब्रिजच्या वायरने निघून जातो. कमी होणं ठीक. पण फरक फार मोठा असेल तर आतलं शील्डिंग कमी आहे.

हात लावल्यावर काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची वायर तुटली किंवा गंजली. मीटर बीपवर ठेवून ब्रिज ते जॅकचं कडं असं तपासा, बीप आला पाहिजे. कोकणातल्या मित्रांच्या बेसमध्ये हे पावसाळ्यानंतर हटकून निघतं: ब्रिजखाली वायरचं टोक हिरवं पडलेलं असतं. ब्रिज उचलायचा, टोक आणि ब्रिजचा तळ पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा आवळायचा. काही ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपना तारांचं अर्थ लागतच नाही आणि बनवणाऱ्यांनीच ते दिलेलं नसतं, तिथे ही चाचणी लावू नका. हात लावल्यावर घूं वाढत असेल तर जॅकवर दोन वायरी उलट्या झाल्या आहेत. बहुधा कुणीतरी नुकताच जॅक बदललेला असतो.

जॅकवरून आठवलं. माझ्या स्वतःच्या बेसमधली ‘परत येणारी’ घूं तीन वर्षं याच एका गोष्टीने येत होती. जॅकचं नट सैल व्हायचं, केबल घालता-काढताना जॅक आत गोल फिरायचा, वायर पिळली जायची आणि अर्थचा डाग (सोल्डरचा जोड) तुटायचा. मी डाग पुन्हा लावायचो, चार-सहा महिने जायचे, पुन्हा तेच. डाग लावून उपयोग नव्हता, नट फिरतं होतं. आत दातेरी वॉशर टाकला, नट आवळताना जॅक आतून धरून ठेवला, वायर थोडी लांब ठेवली. त्यानंतर तो डाग एकदाही तुटला नाही.

सिंगल कॉइलचा स्वभाव

हे सगळं ठीक असूनही घूं असेल तर बेस हातात धरून जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं वाढते आणि काटकोनात फिरलं की जवळजवळ नाहीशी होते का? मग ती चुंबकीय आहे. जवळ कुठेतरी मोठा ट्रान्सफॉर्मर आहे आणि तुमचा पिकअप सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) आहे. कॉइल म्हणजे हजारो वेढ्यांची बारीक वायर, बेसची तार हलली की ती ऐकते तशीच ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्रही ऐकते.

फेंडरचा १९५१ चा पहिला प्रिसिजन बेस सिंगल कॉइलचाच होता. १९५७ मध्ये त्याचा पिकअप दोन तुकड्यांत आला, दोन तारांसाठी एक, उरलेल्या दोन तारांसाठी दुसरा. दोघांचं वळण आणि चुंबक एकमेकांविरुद्ध, त्यामुळे तारांचा आवाज बेरजेत येतो आणि घूं वजाबाकीत जाते. म्हणून चांगला पी (प्रिसिजन) बेस इतका शांत. १९६० च्या जाझ बेसमध्ये दोन सिंगल कॉइल आले. आज मिळणाऱ्या बहुतेक जाझ बेसमध्ये ते दोन परस्परविरुद्ध असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असताना घूं मिटते. मागच्या पिकअपचा टणक आवाज हवा म्हणून पुढचा बंद केला की तो तोल जातो आणि घूं परत. अशा वेळी कमी केलेला नॉब आधी पूर्ण उघडून बघा. कित्येकदा ‘आज सकाळी नव्हती, आत्ता आली’ याचं उत्तर एवढंच असतं.

इथे कॉपर टेपबद्दल स्पष्ट बोलतो, कारण त्यावर पैसे फार जातात. खाचेत कॉपर टेप लावून, सगळे तुकडे एकमेकांना डाग देऊन अर्थला जोडले तर झर्र खूप कमी होते. काम चांगलं आहे, मी केलं आहे. पण गोल, चुंबकीय घूंला तो पातळ पत्रा अडवत नाही. टेप लावूनही घूं राहिली म्हणून काम वाईट झालं असं समजू नका. तिच्यावर उपाय दोनच: त्याच आकाराचे हमबकिंग (दोन विरुद्ध कॉइलनी घूं मिटवणारे) पिकअप बसवणं, किंवा उभं राहायची जागा बदलणं.

फेरा कुठे तोडायचा

ॲम्पची लाइन काढल्यावर घूं गेली होती, ते प्रकरण. ॲम्प स्टेजच्या बोर्डावर, मिक्सर पन्नास फूट लांब दुसऱ्या बोर्डावर. दोघांचंही अर्थिंग चांगलं, पण दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडासा फरक असतोच. आपण मधे ऑडिओची केबल जोडली की तिच्या शील्डमधून तो फरक वाहायला लागतो आणि झर्र ऐकू येते. गंमत अशी की एकाचं अर्थ तुटलेलं असताना ही झर्र येत नाही, सगळं जागेवर असतानाच येते. म्हणूनच पिन कापणाऱ्याला वाटतं की आपण दुरुस्त केलं.

तोडायचा तो ऑडिओच्या केबलमधला जोड. डीआय बॉक्सवर (बेसचा सिग्नल मिक्सरला पाठवणारी छोटी पेटी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते मिक्सरकडे जाणाऱ्या शील्डचा जोड सोडवतं. विजेचं अर्थिंग जसंच्या तसं राहतं. आत खरा ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय घ्या, त्याला बॅटरी लागत नाही, फँटम (मिक्सरकडून केबलमधून येणारी वीज) लागत नाही, आणि दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या राहतात. फँटमवर चालणारे काही डीआय लिफ्ट दाबल्यावर कुरबुर करतात. माझ्या पेटीत पैसे सर्वांत सत्कारणी लागलेली वस्तू कुठली असं विचारलं तर मी डीआयचं नाव घेईन, बेसच्याही आधी.

शक्य असेल तिथे त्याहून आधीचा उपाय करा: स्टेजवरची सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच जागेवरून निघालेल्या लाइनवर घ्या, लाइट वेगळ्या फेजवर. वाद्यं मात्र सगळी एकाच फेजवर हवीत. दोन वाद्यं दोन फेजवर गेली आणि काही बिघडलं तर मधे २३० नाही, चारशेच्या आसपास व्होल्ट असतात.

वायरलेस घेतल्यावर बेस आणि ॲम्प यांच्यात तारच राहत नाही, त्यामुळे आपल्या बोटांपर्यंत ॲम्पची बॉडी पोचत नाही. तेवढा फायदा मोठा आहे. पण वायरचा माईक धरलेल्या गायिकेला त्याने काही संरक्षण मिळत नाही, तेव्हा अर्थिंगची तपासणी सुटत नाही.

लॅपटॉप, डिमर आणि घरातला पंखा

हल्ली ट्रॅकसाठी स्टेजवर लॅपटॉप असतो. चार्जर लावला की झर्र, काढला की शांत, हे सगळ्यांनी ऐकलं असेल. टू-पिनच्या चार्जरमधून थोडी गळती बॉडीवर येते, लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकलं की बारीक खरखर जाणवते ती हीच. ती गळती हेडफोनच्या केबलने मिक्सरमध्ये उतरते आणि सगळ्यांच्या आवाजावर चढते. आमच्या कीबोर्डवाल्याला मी सांगितलेलं: गाणी चालू असताना बॅटरीवर चालव, मध्यंतरात चार्ज कर. नंतर त्याने ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर घेतला आणि प्रश्न संपला.

डिमर लाइट मंद करताना विजेची लाट मधेच कापतात. त्या कापलेल्या कडेतून झर्र निघते, आणि लाइट अर्ध्यावर असताना ती सर्वांत जास्त. फेड होताना आवाजही बदलत असेल तर बेसला हात लावू नका, दोष लाइटच्या बाजूचा आहे. त्यांच्या केबली आणि आपल्या केबली एकत्र गुंडाळून नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

घरी सराव करताना हाच प्रकार पंख्याच्या रेग्युलेटरने होतो. सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-तीनवर असेल तर झर्र, पाचवर पूर्ण उघडला की शांत. माझ्या एका विद्यार्थ्याने महिनाभर बेसला दोष दिला. मी घरी गेलो, पंखा बंद केला, खोली शांत झाली. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवला की हा त्रास राहत नाही.

पेडलबद्दल, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाजवळच्या छोट्या पेट्यांबद्दल, थोडक्यात. एकाच अडॅप्टरवरून माळेसारखे चार पेडल चालवले आणि त्यात एखादा डिजिटल असला की चिरका आवाज येतो. एकेक काढून बघा, दोषी सापडला की त्याला स्वतंत्र सप्लाय. कंप्रेसर शांत जागा वर उचलतो, म्हणून तो लावल्यावर आधीचीच घूं मोठी वाटते. नॉइज गेटने (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणाऱ्या पेडलने) ती झाकली जाते, पण लांब धरलेल्या स्वराची शेपटी कापली जाते आणि भावगीतात ते लगेच कळतं. मी गेट वापरत नाही.

ॲक्टिव्ह बेसची नऊ व्होल्टची बॅटरी केबल घातली की चालू होते, वाजवत नसलात तरी. ती मरायला टेकली की आवाज फाटतो, खरखरतो. ती घूं नव्हे, पण रात्री अकराला दोन्हींतला फरक कळत नाही. कार्यक्रम संपला की केबल काढा, आणि नवी बॅटरी घातल्याची तारीख टेपवर लिहून झाकणाच्या आत चिकटवा.

मागच्या महिन्यातला कार्यक्रम

बोर्ड तपासला, अर्थ नव्हतं. बादली नेली, सळई ठोकली गेली. पुन्हा मापं घेतली, ठीक. जोडणी झाली, ब्रिज ते माईक अर्धा व्होल्ट. डीआयचं लिफ्ट दाबलं, झर्र गेली. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे. तरी थोडी गोल घूं उरली, कारण माझ्या मागेच एलईडी भिंतीच्या सप्लायची पेटी होती आणि ती हलवायला कुणाला वेळ नव्हता. बेस गळ्यात घेऊन हळूहळू फिरलो. प्रेक्षकांकडे डावा खांदा करून, पेटीपासून तीन पावलं पुढे आल्यावर ती जवळजवळ मिटली. तिथे फळीवर पांढऱ्या टेपची फुली मारली आणि रात्रभर त्या फुलीवर उभा राहून वाजवलं.